रंग आधी, दागिना मग

दोन-तीन तासांत कानातल्यांचे जोड करून घरी न्या, असं सांगणाऱ्या पॉलिमर क्लेच्या कार्यशाळा आता मोठ्या शहरांत सहज सापडतात. क्लेचे गोळे हातात येतात, साच्याने पानं-फुलं कापली जातात, ट्रे ओव्हनमध्ये जातो, संध्याकाळी फोटो निघतात. हौस म्हणून यात वावगं काहीच नाही. पण घरी परतल्यावर स्वतःच्या मनातला दागिना घडवता यावा, एवढ्यासाठी जो पैसे भरतो त्याचं यातून भागत नाही. तंत्र आज शिका, डिझाइनचं पुढे पाहू, ही विभागणी या माध्यमात चालतच नाही.

टेराकोटाचा दागिना आधी घडतो, भाजला जातो आणि रंग बहुधा त्यानंतर चढतो. पॉलिमर क्लेत रंग आरपार असतो. मुळात ही माती नाहीच. पीव्हीसीचे बारीक कण, त्यांना मऊ ठेवणारं प्लास्टिसायझर आणि रंगद्रव्य यांचं हे मिश्रण. त्यात पाणी नसतं, म्हणून ते मातीसारखं हवेवर वाळत नाही. ओव्हनच्या उष्णतेने कण एकमेकांत मिसळून घट्ट होतात आणि आकार जवळजवळ तेवढाच राहतो. वरून ॲक्रिलिक रंग लावता येतो हे खरं, पण मग क्ले वापरण्याचं कारणच उरत नाही. रंगांचे निर्णय ट्रे ओव्हनमध्ये जाण्यापूर्वीच व्हायला हवेत.

या पदार्थाचा जन्म दागिन्यांसाठी झालेला नाही. जर्मनीतल्या प्रसिद्ध बाहुलीकार केथे क्रूझे यांच्या मुलीने, फिफी रेबिंडर यांनी, त्यावर काम केलं. 1964 मध्ये तो एबरहार्ड फाबर कंपनीकडे गेला आणि ‘फिमो’ या नावाने जगभर पोचला. दागिने करणाऱ्यांनी त्याला पुढे नेलं ते मुख्यतः अमेरिकेत. नॅन रोश यांचं ‘द न्यू क्ले’ हे पुस्तक 1991 मध्ये आलं, आणि त्या दशकात एकीने शोधलेली युक्ती दुसरीने वर्गात शिकवावी, अशी या कलेची वाढ झाली.

ज्युडिथ स्किनर यांची युक्ती त्यातली सर्वांत उपयोगी. दोन रंगांचे दोन काटकोन त्रिकोण तिरक्या कडेने जोडून आयत करायचा, खालची कड वरच्या कडेवर दुमडायची आणि पास्ता मशीनमधून काढायचा. दर वेळी घडी त्याच दिशेने. वीस-पंचवीस वेळा हे केलं की निळा हळूहळू पिवळ्यात उतरत जातो, मधल्या हिरव्या छटांसकट. हाताला हे अर्ध्या तासात जमतं. कुठले दोन रंग निवडायचे, हे मात्र मशीन सांगत नाही. लाल आणि हिरवा निवडले तर मधे मळकट तपकिरी येतो. तो नको असेल तर तसं का झालं हे कळायला हवं, आणि हवा असेल तर मुद्दाम आणता यायला हवा. स्किनर ब्लेंड शिकवणं म्हणजे रंगशास्त्र शिकवणंच आहे.

केनचं तेच. रंगीत पट्ट्या आणि वळ्या रचून नक्षीचा जाड दंडगोल करायचा, तो दाबत-लांबवत बारीक करायचा आणि चकत्या कापायच्या. प्रत्येक चकतीत तीच नक्षी! व्यास निम्मा केला की लांबी चौपट होते, म्हणजे मोठ्या केनमध्ये ठसठशीत दिसणारी रेघ कानातल्यात केसाएवढी उरते. जवळजवळ सारख्याच गडदपणाचे रंग शेजारी ठेवले असतील तर ती रेघ दिसेनाशीच होते. उपाय सोपा आहे. केन रचण्याआधी क्लेच्या तुकड्यांचा मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढावा. दोन रंग त्यात एकसारखे करडे दिसले, तर एक बदलावा.

लिंडली हाउनानी आणि मॅगी मॅजिओ यांचं 2009 सालचं पुस्तक याच रंगसरावांवर उभं आहे. जेफ्री लॉइड डीव्हर हे तर पेशाने ग्राफिक डिझायनर. पोकळ, वेलीसारख्या त्यांच्या आकृत्या टप्प्याटप्प्याने घडतात, पुन्हापुन्हा भाजल्या जातात. एवढा संयम आराखड्याशिवाय शक्य नाही.

आपल्याकडच्या वर्गांना उदाहरणं शोधायला लांब जायला नको. तुशीचे मणी दाट बसतात म्हणून ती गळ्याशी शोभते. तोच मणी तिप्पट मोठा केला तर काय होईल, हा प्रमाणाचा उत्तम धडा आहे. पैठणीची धूपछांव तर पॉलिमर क्लेत जवळपास साधता येते. मोतिया झाक असलेल्या क्लेत अभ्रकाचे कण असतात. ती पास्ता मशीनमधून वारंवार काढली की ते एका दिशेने बसतात, आणि कापलेली कड व सपाट पृष्ठभाग वेगवेगळे चमकतात. हे वर्गात करून दाखवायला साच्याची पानंफुलं पुरत नाहीत. त्याला तयारीचा शिक्षक लागतो.

भाजण्याबाबत तर हयगय अक्षम्य आहे. ब्रँडनुसार तापमान बदलतं; साधारण 110 ते 130 अंश सेल्सिअस, अर्धा तास किंवा जाडीप्रमाणे अधिक. घरगुती ओटीजीच्या चकतीवरचा आकडा भरवशाचा नसतो, म्हणून आत वेगळा थर्मामीटर ठेवावाच लागतो. क्ले करपली तर हायड्रोजन क्लोराइडचा त्रासदायक धूर निघतो. कमी भाजली तर दागिना वरून छान दिसतो आणि काही दिवसांनी तुटतो. विदर्भातल्या उन्हाळ्यात न वापरलेलं पाकीटही उन्हात किंवा बंद गाडीत ठेवू नये. उष्णतेने ते हळूहळू घट्ट होत जातं. पास्ता मशीन एकदा क्लेला दिलं की स्वयंपाकात परत आणायचं नाही, हेही पहिल्याच दिवशी सांगायला हवं.

मग कार्यशाळा निवडायची कशी? एका मशीनवर किती जण असतील, ते विचारावं. रंगांचे नमुने करायला वेळ आहे की थेट कानातलेच, तेही विचारावं. आणि शिक्षकांकडे त्यांनी स्वतः भाजलेली दोन मिलिमीटर जाडीची पट्टी मागावी. ती हलकेच वाकवून पाहावी. मजबूत ब्रँडची नीट भाजलेली पट्टी वाकते आणि सोडली की सरळ होते. कच्ची राहिलेली कट्कन मोडते.