लिलावाची बोली विक्रेत्यालाही बांधते

प्रति,
मा. मुख्य आयुक्त,
केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण,
नवी दिल्ली



ऑनलाइन लिलावाची मुदत संपते आणि ‘तुमची बोली विजयी’ असा संदेश येतो. मग विक्रेता कळवतो की वस्तू खराब झाली, सापडत नाही किंवा आधीच विकली गेली. काही दिवसांनी तीच वस्तू, त्याच छायाचित्रासह, चढ्या सुरुवातीच्या किमतीला पुन्हा लिलावात उभी राहते. सगळ्या सबबींमागे खरे कारण एकच असते: बोली अपेक्षेपेक्षा कमी आली. हा प्रकार अनुचित व्यापारी प्रथा ठरवून आपण तो थांबवावा, ही विनंती करण्यासाठी मी जबलपूरहून लिहीत आहे.

हे शहर १८१७ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या अंमलाखाली होते. इथल्या मराठी घरांमध्ये जुनी नाणी, टपाल तिकिटे, जुनी पुस्तके जपणारे आजही आहेत. मुंबई-पुण्याच्या लिलावांना आम्हाला दर वेळी जाता येत नाही, म्हणून ऑनलाइन लिलाव हीच आमची बाजारपेठ. भोसलेकालीन तांब्याच्या नाण्यांचा एक संच मला अशाच लिलावात मिळाला होता. बोली लावणारा मी एकटाच होतो. पैसे भरण्याची तयारी केली, तर नाणी गहाळ झाल्याचे उत्तर आले. पुढे तीच नाणी, कडेच्या त्याच घासलेल्या खुणांसह, दुप्पट किमतीला मांडलेली पाहिली. लिलाव चालवणाऱ्या ऑनलाइन मंचाकडे तक्रार केली, तेव्हा व्यवहार विक्रेत्याने रद्द केल्यामुळे आम्ही काही करू शकत नाही, असे सांगण्यात आले. हा अनुभव माझ्या एकट्याचा नाही. संग्राहक भेटले की असे किस्से निघतातच.

कायदा याबाबत संदिग्ध नाही. १९३० च्या माल विक्री कायद्याचे कलम ६४ सांगते की लिलाव पुकारणारा हातोडा आपटून किंवा रूढ पद्धतीने विक्री पूर्ण झाल्याचे जाहीर करतो, तेव्हा ती पूर्ण होते. तोवर बोली लावणाऱ्याला माघार घेता येते. ऑनलाइन लिलावात हातोड्याची जागा मुदत संपण्याने घेतली आहे. करार केवळ इलेक्ट्रॉनिक माध्यमातून झाला म्हणून तो अवैध ठरत नाही, हे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १०-क ने स्पष्ट केले आहे. तरीही प्रत्यक्षात बोली फक्त खरेदीदारालाच बांधते.

याचे टोकाचे उदाहरण बँकांच्या लिलावात दिसते. बँकेने जप्त केलेली मालमत्ता लिलावात घेणाऱ्याने २५ टक्के रक्कम भरून उरलेली मुदतीत भरली नाही, तर ती अनामत जप्त होते. अशी ३ कोटींहून अधिक रकमेची जप्ती सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये कायम केली. शब्द मोडणाऱ्या खरेदीदाराला त्याची किंमत मोजावी लागावी, हे मला मान्य आहे. मग शब्द मोडणाऱ्या विक्रेत्याने काहीच का मोजू नये?

विक्रेत्याची बाजूही मी जाणतो. हौसेने जमवलेली वस्तू मातीमोल जावी, असे कोणालाच वाटत नाही. पण त्यावर कायद्यानेच प्रामाणिक उपाय दिला आहे. कलम ६४ नुसार विक्रेता राखीव किंमत जाहीर करू शकतो, आणि बोली तिथवर पोहोचली नाही, तर विक्री होत नाही. सरकारी भंगाराच्या लिलावात काही माल ‘एसटीए’, म्हणजे मंजुरीच्या अधीन असतो. आमच्या शहरात पश्चिम मध्य रेल्वेचे मुख्यालय आहे, त्यामुळे भंगाराचे व्यापारी ही अट चांगली ओळखतात आणि तिचा विचार करूनच बोली लावतात. अट आधी सांगितली, तर फसवणूक होत नाही. आक्षेप आहे तो गर्दी जमवण्यासाठी एक रुपयापासून सुरुवात करायची आणि गर्दी जमली नाही की हात वर करायचे, या रीतीला.

परदेशातील न्यायालयांनी हा प्रश्न सोडवला आहे. जर्मनीत एकाने जुनी फोक्सवॅगन पासाट १ युरोपासून ऑनलाइन लिलावात मांडली. बाहेर ४,२०० युरोंना गिऱ्हाईक मिळताच त्याने लिलाव मध्येच बंद केला. तोवर एकानेच बोली लावली होती, ती १ युरोवरच होती. नोव्हेंबर २०१४ मध्ये जर्मनीच्या संघीय न्यायालयाने गाडीच्या ५,२५० युरो मूल्यातून १ युरो वजा करून ५,२४९ युरोंची भरपाई त्या बोलीदाराला मिळवून दिली. राखीव किंमत न ठेवता इतकी कमी सुरुवात करणाऱ्याने जोखीम स्वतःहून पत्करलेली असते, असा न्यायालयाचा विचार होता. ऑस्ट्रेलियातही २००७ मध्ये न्यू साउथ वेल्सच्या न्यायालयाने ऑनलाइन लिलावात १,५०,००० डॉलरला गेलेले जुने विरावे विमान विजेत्याच्या हवाली करायला लावले.

आपल्याकडेही हा विचार परका नाही. ‘एवा अ‍ॅग्रो फीड्स’ प्रकरणात दिवाळखोर कंपनीची मालमत्ता १० कोटी रुपयांच्या राखीव किमतीला एकमेव बोलीदाराने घेतली होती. दुसऱ्याच दिवशी लिलाव रद्द झाला. अधिक किंमत येईल, या नुसत्या आशेवर रीतसर पार पडलेला लिलाव मोडता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये बजावले. १० कोटींच्या मालमत्तेला लागू होणारे तत्त्व हजार-दोन हजारांच्या नाण्यांना का लागू नसावे?

मग ग्राहकाने ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जावे, असे कोणी म्हणेल. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने राहत्या ठिकाणी तक्रार करण्याची सोय दिली आहे, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही नाही. पण दोन हजारांच्या वस्तूसाठी तारखा करत बसायला कोणाला परवडते? शिवाय वाटेत दोन अडथळे आहेत. जाहीर लिलावात भूखंड घेणारा ‘ग्राहक’ नसतो, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००९ चा चंदीगडच्या भूखंडांबाबतचा निकाल आहे. तो ऑनलाइन मालाच्या लिलावालाही लावला जाण्याची भीती आहे. दुसरे म्हणजे, २०२० चे ई-कॉमर्स नियम नियमित धंदा न करणाऱ्या खासगी व्यक्तीला लागू नाहीत. म्हणूनच जबाबदारी मंचांवर यायला हवी, आणि ती आणण्याचे काम प्राधिकरणाचे आहे. ग्राहकांच्या हक्कांचे वर्ग म्हणून रक्षण करण्यासाठीच आपली स्थापना झाली.

आपण नोव्हेंबर २०२३ मध्ये डार्क पॅटर्नविरुद्ध, म्हणजे ग्राहकाला चकवणाऱ्या ऑनलाइन क्लृप्त्यांविरुद्ध, मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांतील १३ प्रकारांत ‘बेट अँड स्विच’ आहे. कृतीचे एक फळ दाखवून दुसरेच हाती ठेवणे, असा त्याचा अर्थ. विजयी बोलीवर पाणी फिरवणे याहून वेगळे काय आहे? त्या तत्त्वांना जोडून पुढील गोष्टी व्हाव्यात, अशी माझी मागणी आहे.

१. किंमत कमी आली म्हणून विजयी बोली रद्द करणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवावी.

२. राखीव किंमत किंवा मंजुरीची अट असेल, तर ती बोलीच्या बटणाशेजारीच, लिलाव सुरू होण्याआधी दाखवावी.

३. वस्तू मोडली वा हरवली, तर मंचाने पुरावा मागावा. तीच वस्तू पुन्हा आली, तर पहिला हक्क आधीच्या विजेत्याचा, त्याच्याच बोलीवर.

४. खरेदीदार हटला की जेवढी रक्कम त्याची जाते, तेवढीच विक्रेता हटल्यावर त्याच्याकडून विजेत्याला मिळावी. ई-कॉमर्स नियम ४(८) ने कंपनीला आणि ग्राहकाला रद्दीकरण शुल्काबाबत समान ठेवले आहे. तेच तत्त्व लिलावात यावे.

५. प्रत्येक विक्रेत्याने किती विजयी बोली रद्द केल्या, याची नोंद मंचाने सर्वांना दाखवावी.

यात प्रामाणिक विक्रेत्याचे काहीच जात नाही. उलट त्याच्या लिलावावर लोकांचा विश्वास बसेल, बोली लावणारे वाढतील आणि किंमतही चढेल. लिलावाचा बाजार आजवर एका अलिखित भरवशावर चालत आला आहे: शेवटची बोली ज्याची, वस्तू त्याची. हा भरवसा आता लेखी नियमात यावा आणि तो मोडणाऱ्याला त्याची झळ बसावी. त्यासाठीचे अधिकार कायद्याने आपल्या हाती दिले आहेत. ते आपण वापरावेत.

आपला विश्वासू,
जबलपूरमधील एक नाणेसंग्राहक