चालते घड्याळ आणि सुकलेले तेल

लग्नात जावयाला किंवा शिक्षण पूर्ण केलेल्या मुलाला भारी मनगटी घड्याळ देण्याची रीत व्यापारी घरांत नवी नाही. त्यात क्रोनोग्राफ, म्हणजे वेळ दाखवून शिवाय दोन क्षणांमधला अवधी मोजणारे घड्याळ, अनेकांच्या विशेष आवडीचे. खरेदीच्या वेळी नाव, धातू आणि किंमत यांची कसोशीने चौकशी होते. आत यंत्र कोणते आहे आणि त्याची निगा कशी राखावयाची, हे मात्र क्वचितच विचारले जाते. घड्याळ पुढच्या पिढीच्या हाती चालते जाईल की बंद पडलेले, हे बहुतांशी त्यावरच ठरते.

किंमत आणि भरवसा यांचा संबंध वाटतो तितका सरळ नाही. व्हालजू ७७५० या स्विस यंत्राचे उदाहरण घ्यावे. १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात एदमों काप्त या तंत्रज्ञाने त्याची रचना केली. बॅटरीवरच्या क्वार्ट्झ घड्याळांची लाट आली, मागणी कोसळली आणि या यंत्राची निर्मितिसाधने नष्ट करण्याचा हुकूम वरून सुटला. काप्त यांनी ती नष्ट न करता जपून ठेवली, म्हणून पुढे उत्पादन पुन्हा सुरू होऊ शकले. त्यानंतर ब्राइटलिंग, आयडब्ल्यूसी यांसारख्या मोठ्या घराण्यांनीही याच यंत्राच्या पायावर आपली घड्याळे उभी केली.

क्रोनोग्राफचे चालू, बंद आणि शून्य हे तीन हुकूम महागड्या यंत्रांत खांब असलेल्या एका चक्राकडून, कॉलम व्हीलकडून, पाळले जातात. ७७५० मध्ये तेच काम कॅम आणि साध्या पट्ट्या करतात. कळ दाबताना हाताला थोडा जडपणा लागतो, पण भरवशात हे यंत्र उणे ठरलेले नाही. त्याची आणखी एक लकब अशी, की आपोआप चावी देणारे अर्धवर्तुळ एकाच दिशेने फिरताना काम करते आणि उलट दिशेने मोकळे गरगरते. मनगटाला ती थरथर जाणवते. आत काही सैल झाले असे समजून पुष्कळजण दुरुस्तीला धावतात. तो दोष नव्हे.

खरा शत्रू आवाज करीत नाही. हे यंत्र तासाला २८,८०० ठोके देते. दिवसाला सहा लाख एक्क्याण्णव हजार दोनशे, आणि पाच वर्षांत सव्वाशे कोटींहून अधिक. हा भार ज्या सूक्ष्म आसांवर पडतो त्यांना तेलाचा अगदी लहान थेंब सांभाळतो. काळाने ते तेल सुकते किंवा जागेवरून सरकते. मग धातूची झीज उरल्यासुरल्या तेलात मिसळते आणि घासण्याच्या पेस्टसारखी काम करू लागते. गंमत अशी, की घड्याळ या अवस्थेतही वेळ बरीच बरोबर दाखवू शकते. ‘चालते आहे ना, मग उघडायचे कशाला?’ हा युक्तिवाद काटकसरीचा वाटतो, पण वेळेवरच्या सफाईने जे भागले असते तेथे पुढे सुटे भाग बदलावे लागतात. दुकानातल्या यंत्रावर दरवर्षी घसारा धरणारा माणूस मनगटावरच्या यंत्रावर तो धरीत नाही, हे नवलच. साधारण पाच ते आठ वर्षांनी संपूर्ण उघडून सफाई व तेलपाणी, आणि पाण्याशी संबंध येत असल्यास आतल्या रबरी कड्यांची त्याहून वारंवार तपासणी, असा हिशेब ठेवावा.

रोजच्या वापरातली पथ्ये थोडकी आहेत. रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान तारीख झटपट बदलू नये, कारण त्या वेळी तारखेची दंतचक्रे एकमेकांत गुंतलेली असतात. अवधी मोजणे चालू असताना शून्याची कळ दाबू नये. मुळात त्यासाठीच घडविलेली फ्लायबॅक यंत्रे तेवढी अपवाद. पाण्याखाली कळांना हात लावू नये. घड्याळ अचानक दिवसाला काही मिनिटे पुढे पळू लागले, तर मोडतोड गृहीत न धरता आधी चुंबकाचा संशय घ्यावा. मोबाइलचा स्पीकर किंवा पर्सची चुंबकी कडी त्याला पुरते, आणि जाणता कारागीर काही क्षणांत तो परिणाम काढून टाकतो.

वडिलोपार्जित घड्याळाच्या बाबतीत सर्वांत मोठे नुकसान पुष्कळदा हौसेपोटी होते. जुनी तबकडी नव्याने रंगवून घेणे, केसला पॉलिश करून कडा गोलसर करणे, मूळ काटे बदलणे, यांनी घड्याळ चकचकीत होते आणि जाणकार ग्राहकाच्या नजरेतून उतरते. घड्याळ दुरुस्तीला देतानाच तबकडी व केस यांना हात लावू नये असे लेखी सांगावे. बदललेला प्रत्येक भाग परत मागून घ्यावा आणि पावतीवर कामाचा तपशील लिहून घ्यावा. ती पावती व ते जुने भाग घड्याळाच्या मूळ डबीतच राहू द्यावेत.