शिंगराची पत्रिका

लग्न जुळवताना कूळ विचारण्यात आपण मराठी माणसे पटाईत; पण घोड्यांच्या शौकिनांपुढे आपली धाव तोकडीच! मला पणजोबांपलीकडे नाव सांगता येत नाही. शर्यतीच्या जातिवंत घोड्याची पितृपरंपरा मात्र बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन किंवा गोडॉल्फिन अरेबियन या तीन मूळपुरुषांपैकी एकाशी जाऊन भिडते. अशी वंशावळ इंग्रजांनी १७९१ सालीच छापून काढली!

तरी कूळ सगळेच सांगत नाही. रेड रम हे शिंगरू सपाट मैदानावरच्या आखूड शर्यतींसाठी पैदा केलेले. पुढे पायाचे दुखणे जडले. तालीम देणाऱ्याने त्याला समुद्रकाठच्या वाळूत पळवले, आणि पठ्ठ्याने सुमारे साडेचार मैलांची, तीस उड्यांची ग्रँड नॅशनल शर्यत १९७३, १९७४ आणि १९७७ अशी तीनदा मारली.

आमच्या धाराशिवाशेजारी सोलापुरातून भीमा वाहते. तिच्या काठचा भीमथडी घोडा तर बिनपत्रिकेचाच. मराठ्यांच्या फौजांत दौडला, पुढे धनगराचा संसार पाठीवर घेऊन माळ तुडवत राहिला. २०२३-२४ साली कर्नालच्या राष्ट्रीय नोंदवहीत स्वतंत्र जात म्हणून त्याचे नाव चढले.

मला कोण आनंद! गावाबाहेर उतरलेल्या एका धनगराला मी ही वार्ता ऐकवली. त्याने शिंगराच्या मानेवरून हात फिरवला. म्हणाला, "कागूद झाला, लई ब्येस झालं. पर मास्तर, समद्या रानाला तारा लागल्या. ह्यानं चरावं कुठं?"

कुळाचा दाखला निघाला. कुरणाचा सातबारा कोण काढणार?