जादा तासांचें मूळ

घरांतील कर्ता पुरुष रात्रीं नऊनंतर परतूं लागला, म्हणजे वडील मंडळी त्याच्या उद्योगीपणाचें कौतुक करितात. आमचें मत निराळें आहे. जादा काम पुष्कळदां करणाराच्या हौसेनें नव्हे, तर देणाराच्या अनिश्चिततेनें वाढतें.

पेणचें उदाहरण घ्यावें. पेण, हमरापूर, जोहे येथील गणपतीच्या कारखान्यांत मूर्ति साच्यांतून काढणें, घासणें, रंगविणें व शेवटीं डोळ्यांची आखणी करणें हें काम एरव्हीं वर्षभर चालतें. मे २०२० मध्यें केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सूचनांनीं प्लास्टरच्या मूर्तींस मनाई सांगितली. लगेच ती पुढें ढकलली गेली. ३० जानेवारी २०२५ रोजीं मुंबई उच्च न्यायालयानें ती काटेकोरपणें पाळण्यास सांगितलें. आणि ९ जून रोजीं त्याच न्यायालयानें मूर्ति घडविण्यास मोकळीक देऊन, नैसर्गिक जलाशयांतील विसर्जन मात्र आपल्या परवानगीवांचून होऊं नये, असें ठरविलें. चतुर्थी होती २७ ऑगस्टला. मधले दिवस अवघे ७९, तेही पावसाळ्याचे. त्यांत शाडू तर सुकतां सुकत नाहीं. माल किती व कशाचा करावा हेंच जूनपर्यंत ठरेना, तर पुढें रात्रीचे दिवे जळणारच! नदीनाल्यांची काळजी आम्हांसही आहे. परंतु लांबलेल्या निर्णयाची किंमत आखणी करणाराच्या डोळ्यांनीं कां द्यावी?

रोह्याजवळ धाटावच्या औद्योगिक वसाहतींत प्रकार दुसरा. रासायनिक क्रिया भोंगा वाजला म्हणून थांबत नाहीं. पुढच्या पाळीचा मनुष्य न आल्यास आधींच्यास थांबणें भाग. एखादे दिवशीं हें समजण्यासारखें आहे. पण अशा कारखान्यांत मागणीची खात्री नाहीं म्हणून व्यवस्थापकानें माणसेंच कमी ठेवावीं व उणीव रोज जादा तासांनीं भरावी, ही त्याची सोय झाली. नेमलेला मनुष्य मंदींत काढणें अवघड. जादा तास एका शब्दांत बंद होतात. १९४८ च्या कारखाने कायद्यानें या तासांस दुप्पट दर लाविला खरा, परंतु त्या रकमेवर भविष्यनिर्वाह निधि धरावा लागत नाहीं. शिवाय दुप्पट पैशाच्या भरंवशावर घराचा हप्ता ठरतो, आणि मग तोच मनुष्य साहेबाकडे जादा काम मागूं लागतो! गृहिणींनीं हें उत्पन्न हिशेबाच्या वहींत निराळ्या पानावर लिहावें.

पेणच्या बाबतींत एक गोष्ट आपल्या हातीं आहे. कोंकणांत मूर्तिकाराकडे आगाऊ पाट नेऊन देण्याची चाल आहे. शाडूची मूर्ति हवी असल्यास तो पाट ज्येष्ठांतच पोंचवावा. श्रावण उजाडेपर्यंत थांबूं नये.