जेल पॉलिश काढायचे पैसे घ्या, लाजू नका



घरगुती पार्लरचं दरपत्रक बघा. जेल पॉलिशचा दर ठळक अक्षरात, नेल आर्टचा वेगळा. आणि काढायचं? "ते फ्री आहे ताई." माझं मत स्पष्ट आहे. हे फ्री देणं बंद करा.

फुकटच्या कामाला कोणी वेळ देत नाही, आणि हे काम फक्त वेळच मागतं. आधी फाइलने वरचा चकचकीत टॉप कोट घासून घ्यायचा, नाहीतर अ‍ॅसिटोन आत शिरतच नाही. आजूबाजूच्या कातडीला व्हॅसलिन लावायचं. अ‍ॅसिटोनमध्ये भिजवलेला कापूस नखावर ठेवून फॉइल गुंडाळायचं आणि १० ते १५ मिनिटं थांबायचं. पॉलिश सुटून वर आलं की लाकडी काडीने हलकेच सरकवायचं. जे सरकत नाही ते खरवडायचं नाही, पुन्हा पाच मिनिटं गुंडाळायचं. शेवटी हात धुऊन क्युटिकल ऑइल. सगळं धरून अर्धा तास सहज जातो.

आता बाहेर दोन गिऱ्हाइकं बसलीत आणि समोरचीचे पैसे मिळणार नाहीत. काय होतं? फॉइल पाचव्या मिनिटाला उघडतं आणि पुशरने खरवडणं सुरू! पॉलिशबरोबर नखाचा वरचा थरही जातो. मग नख पातळ होतं, गरम पाण्यात हात घातला तरी झोंबतं. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं. म्हणजे खराब झालेलं नख पूर्ण नवं यायला पाच-सहा महिने. तेवढे दिवस ती बाई सगळ्यांना सांगणार, "जेलने माझी नखं गेली." जेलने नाही हो, घाईने गेली! पण नाव तुमचंच येणार.

दुसरी गोष्ट, दोन-तीन आठवड्यांनी कडा सुटली की गिऱ्हाईक घरीच सोलत बसतं. म्हणून लावतानाच, हात लॅम्पमध्ये असताना, सांगून टाका: सोलू नका, माझ्याकडे या, काढायला इतके रुपये. तेव्हा सांगितलेला दर कोणाला खटकत नाही. तीन आठवड्यांनी अचानक सांगितला तर खटकतो.

दुसरीकडून लावून आलेली असेल तर आधी विचारा काय लावलंय. हार्ड जेल अ‍ॅसिटोनमध्ये विरघळत नाही, ते फाइलनेच कमी करावं लागतं. त्याचा दर वेगळा. आणि बोटांना खाज, फोड दिसले तर ना काढा ना लावा, त्वचेच्या डॉक्टरकडे पाठवा. जेलची अ‍ॅलर्जी एकदा झाली की सहसा कायमची राहते.

घरातून काम करणाऱ्यांनी एवढं नक्की पाळा: अ‍ॅसिटोन लगेच पेट घेतं. शेजारी गॅस नको, देवघरातला दिवा नको, खिडकी उघडी हवी. "लवकर निघावं म्हणून गरम करू का?" असं विचारणाऱ्या ताईंना, नाही म्हणजे नाही.

"पण समोरची फुकट काढून देते ना!" देऊ दे. तिच्याकडून नखं पातळ करून घेतलेल्या बायका पुढे तुमच्याकडेच येतील.

दर किती ठेवायचा? घड्याळ लावून एकदा दहाही नखं नीट काढा. मिनिटं लिहा, कापूस, फॉइल, अ‍ॅसिटोनचा खर्च लिहा. तासाला तुम्ही एरवी जे कमावता त्या हिशोबाने आकडा काढा आणि तोच दरपत्रकावर टाका, जेल लावायच्या दराच्या अगदी खालच्या ओळीत.