सावध राहायचं, पण किती?

वांगी घेताना आपण देठ बघतो, कोथिंबिरीची जुडी उलटून पाहतो. "नीट बघून घ्या ताई, नंतर बदलून मिळणार नाही," असं भाजीवाला बजावतो, आणि त्याचं काही चुकत नाही. कायद्यात या बजावण्याला जुनं लॅटिन नाव आहे, 'कॅव्हिएट एम्प्टर', म्हणजे खरेदीदारा, सावध! आपल्या १९३० च्या वस्तुविक्री कायद्यातही ते काही अपवाद ठेवून आलंय. भाजीपुरतं ठीक आहे हो! पण हाच नियम घराला लावला की काय होतं, ते आमच्या नाहूर-मुलुंड-भांडुप पट्ट्याने अनुभवलंय.

इथे माणसांनी रीतसर घरं घेतली. महापालिकेने मंजूर केलेले नकाशे होते, बँकांनी कर्जं दिली होती, सरकारने मुद्रांक शुल्क घेऊन करारनामे नोंदवले होते. आणि २००६ च्या सुमारास महसुली नोंदींत या जमिनींवर 'खाजगी वन' असा शेरा चढला. कशाच्या आधारावर? तर पन्नासच्या दशकात वन कायद्याच्या कलम ३५ खाली काढलेल्या नोटिसांच्या! त्या नोटिसांवर पुढे अंतिम निर्णय झालाच नव्हता. पण १९७५ च्या खाजगी वने संपादन कायद्याने या जमिनी आपल्याकडे आल्या, असं सरकारचं म्हणणं. चौथ्या मजल्यावर कुंडीत तुळस लावणारी बाई एका रात्रीत जंगलात राहायला गेली म्हणा ना! घर विकायचं तर गिऱ्हाईक बिचकायचं, त्यावर कर्ज मिळणं मुश्कील. कुणाचं मुलीचं लग्न त्या घरावर अवलंबून, कुणाचं आजारपण.

मार्च २००८ मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल सरकारच्या बाजूने लागला. रहिवाशांना दिलासा मिळाला तो ३० जानेवारी २०१४ ला, सर्वोच्च न्यायालयात. पन्नास वर्षं धूळ खात पडलेल्या नोटिशीवर जमीन वन ठरत नाही, असा तो निकाल. त्यातली मला सर्वात पटलेली गोष्ट म्हणजे, सरकारी परवानग्या पाहून घर घेणाऱ्या सामान्य माणसाला 'तूच सावध राहायला हवं होतंस' असं सुनावता येणार नाही, हे न्यायालयाने मान्य केलं. जे खुद्द परवानगी देणाऱ्यांना दिसलं नाही, ते तुम्हा-आम्हाला कसं दिसावं?

याउलट वरळीचं कॅम्पा कोला कंपाउंड आठवा. तिथे मंजूर नकाशापेक्षा कितीतरी जास्त मजले चढवलेले होते. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते नियमित करायला नकार दिला. त्या कुटुंबांचे हाल बघवत नव्हते, पण मंजूर नकाशा मागून पाहिला असता तर तिथली गोम कळण्यासारखी होती. मला वाटतं, रेघ इथेच ओढावी. कागद मागून जे कळू शकतं, तिथवरच आपली जबाबदारी. त्यापलीकडची, ज्याने शिक्का मारला त्याची.

२०१७ पासून पूर्णपणे लागू झालेल्या रेरा कायद्याने हे थोडंफार केलंय. जमिनीच्या मालकी हक्कातच दोष निघाला, तर बिल्डरने भरपाई द्यायची आणि त्या दाव्याला मुदतीचं बंधनही नाही. पण जुन्या इमारतीतलं घर कुणाकडून विकत घेतलं, तर ही ढाल फारशी कामाला येत नाही. तिथे वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, भोगवटा प्रमाणपत्र, मंजूर नकाशा, सोसायटीच्या नावे झालेलं अभिहस्तांतरण हे सगळं बघायलाच हवं.

आणि मैत्रिणींनो, बघायचं कुणी? २०२१ पासून महाराष्ट्रात घर बाईच्या नावावर घेतलं, तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. त्यामुळे करारनाम्यावर आपली नावं येऊ लागली, फार चांगलं झालं. पण माझ्याकडे घराची अडचण घेऊन येणाऱ्या बायकांना "कागद कुठेत?" विचारलं, की दहातल्या आठजणी म्हणतात, "ह्यांच्या कपाटात." नाव आपलं म्हणजे धोकाही आपलाच ना? मग फाइल एकदा मांडीवर घेऊन वाचायला काय हरकत आहे!

सरकारकडेही एक मागणं आहे. राहत्या घराच्या जमिनीवर नवा शेरा चढवायचा असेल, तर आधी तिथल्या रहिवाशांना नोटीस द्या, त्यांचं ऐकून घ्या. आणि परवानगी देणाऱ्या खात्याचीच चूक निघाली, तर भरपाई त्या खात्याच्या तिजोरीतून निघू द्या. नाहूरची घरं वाचली, पण मधल्या त्या वर्षांत ज्यांना गरज असूनही घर विकता आलं नाही, त्यांना कोण काय देणार?