मासवडीचे बिल

परवा मुलाने मुंबईतल्या एका बड्या हॉटेलात जेवायला नेले. वाइनची यादी पाहताच माझ्यातला निवृत्त बँक अधिकारी जागा झाला. दुकानातल्या भावाच्या तिप्पट आकडे! मला नारायणगाव आठवले. 1980च्या दशकात शामराव चौगुले यांनी फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने तिथे फसफसणारी वाइन बनवली. ‘ओमर खय्याम’ नावाने ती परदेशी गेली. (जुन्नरच्या किती बागाईतदारांनी ती चाखली, हे विचारू नका.) पुढे कंपनी बंद पडली, द्राक्षबागा राहिल्या.

आणि मासवडी राहिली. नारायणगाव-मंचरकडे गेलात तर जरूर खा. बेसनाच्या आवरणात तीळ, सुके खोबरे, लसणाचे सारण. सोबत झणझणीत रस्सा, बाजरीची भाकरी. घरी करायची तर हिची अख्खी सकाळ जाते. म्हणून तिथे पैसे देताना हात आखडत नाही.

शहरातही माझा हिशेब तोच. ज्यात कुणाचे कष्ट आहेत, जे घरी होत नाही, तेच मागवावे. वाइन ग्लासभर, तीही देशी. परदेशी बाटलीत आयातकरच अधिक पितो आपण.

“बाबा, अजून कर्जाचा अर्जच तपासताय!” मुलगा हसला.

येत्या रविवारी त्याला नारायणगावला नेतो आहे. बिल मी देणार.